मर्सीबाईंच्या घराखालची माती

भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या आमच्या सोसायटीत मला सगळे 'मिट्टीवाली आंटी' म्हणतात. म्हणोत बापडे, खोटं काही नाही त्यात. बाल्कनीत जुन्या वर्तमानपत्रांवर माती वाळत पडलेली असते, कडेला बादल्या, चाळण्या, मलमलीच्या पुरचुंड्या. शेजारच्या जिग्नाबेननी हा पसारा पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "आंटी, ये कौनसा मसाला सुखा रहे हो?" मी म्हटलं, "मसाला नहीं, मिट्टी है. बहुत पुरानी." त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "दवा के लिए?" मी कपाळाला हात लावला. तेव्हापासून त्यांच्या सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले की चमचाभर माती मागायला माझ्याकडे माणूस येतो.

या अंकाच्या संपादकांचीही गत फार वेगळी नव्हती. "मॅडम, पुरातत्त्वात एवढं आयुष्य काढलंत, सांगाडे, सोनंनाणं, एखादी गाडलेली नगरी, असं काहीतरी लिहा," म्हणाले. अहो, सांगाडे आणि सोनं बघणारी माणसं वेगळी! ती खड्ड्यात फोटो काढून घेतात, त्यांचे फोटो छापून येतात. मी खड्ड्याच्या बाहेर बसून त्यांनी टाकलेली माती धुते. आणि हे मी रडगाणं म्हणून सांगत नाहीये बरं का. प्रागैतिहासिक माणसाबद्दल, म्हणजे लिहिणंवाचणं यायच्या आधीच्या माणसाबद्दल, मडकं आणि दगडी सुरी जेवढं सांगतात त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या चुलीतली राख सांगते. हे मी भर सभेत मोठमोठ्या प्रोफेसरांच्या तोंडावर म्हटलेलं आहे, इथे लिहायला मला कसली भीती!

काम अगदी सोपं आहे. चुलीतून कधीतरी दोन दाणे खाली सांडतात, जळून कोळसा होतात. कोळसा कुजत नाही, किडे त्याला तोंड लावत नाहीत. हजारो वर्षांनी ती माती बादलीभर पाण्यात कालवली की जडशीळ भाग तळाला बसतो आणि ते काळे दाणे वर तरंगतात. ते मलमलीवर गाळून घ्यायचे, सावलीत वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखायचे. हा जव, हा मूग, हे बोराचं बी, ही बाभळीची काटकी. खाली बसलेल्या गाळातून माशांची हाडं निघतात, खेकड्याच्या नांग्या निघतात, गोगलगायी निघतात. त्यावरून ते लोक काय खात होते, भोवती रान कसलं होतं, पाऊस कसा होता, समुद्र कुठवर होता, सगळं कळत जातं. फक्त घाई करायची नाही, आणि जे दिसत नाही ते दिसलं म्हणायचं नाही.

घाईवरून आठवलं. घाटावर एका नदीकाठच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या थरातून मला एक जळकं बी मिळालं. मी भिंगाखाली धरलं आणि हसूच आलं. चक्क मिरचीचं बी! नेमका तेव्हा एक पत्रकार माझ्या खांद्यावरून डोकावत होता. त्याने विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "मिरची." पुढे मी सांगत होते की मिरची आपल्याकडे पोर्तुगीज लोकांनी आणली, त्याच्या आधी या देशात ती नव्हतीच, तेव्हा हे बी उंदराच्या बिळातून खाली घसरलं असणार, कारण आमचीच मंडळी खड्ड्याच्या काठावर चूल मांडून ठेच्यासाठी मिरच्या भाजायची. पण ते ऐकायला पत्रकार होता कुठे! दुसऱ्या दिवशी छापून आलं की आपले पूर्वज हजारो वर्षांपूर्वी ठेचा खायचे. आठवड्याभरात मिरची-मसाल्याचा एक व्यापारी गाडी घेऊन हजर. त्याला पाकिटावर छापायला माझ्या सहीचा दाखला हवा होता. मी त्याला बिळाची गोष्ट सांगितली तर म्हणतो कसा, "मॅडम, उंदराचं आपण लिहायचंच नाही ना." त्याला मी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

हे हसण्यावारी गेलं. डोंगरीचं प्रकरण तसं नव्हतं. तिथे एका बाईचं घर टांगणीला लागलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर निनादचा फोन आला. निनाद माझा जुना विद्यार्थी, आता कॉलेजात शिकवतो. मुलगा हुशार, फक्त त्याला सगळं कालच हवं असतं. फोनवर त्याचा श्वास पुरत नव्हता. "मॅडम, तुमच्या भाईंदरमध्ये प्रागैतिहासिक वस्ती सापडलीय! डोंगरीला. शिंपल्यांचा केवढा मोठा ढीग आहे, बराचसा भाजलेला! मी शिंपल्या तपासायला पाठवल्या होत्या. हजारो वर्षांपूर्वीच्या निघाल्या!" मी म्हटलं, "शिंपल्या जुन्या निघाल्या, की माणसं?" तो म्हणाला, "तेच ना मॅडम." मी म्हटलं, "तेच नाही. उद्या येते."

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. निनाद कुणाजवळ तरी बोलला, इथल्या एका छोट्या पेपरात बातमी आली, आणि पुरातत्त्व खात्याच्या कचेरीतली माणसं येऊन ज्यांच्या वाडीत तो ढीग होता त्यांना सांगून गेली की पाहणी होईपर्यंत खोदकाम बंद.

त्या वाडीच्या मालकीण मर्सीबाई. उत्तन-डोंगरीकडच्या जुन्या कॅथलिक घरांपैकी त्यांचं घर. नवरा होडीवर जायचा, तो वारला. आम्ही दोघं बसमधून उतरून चालत गेलो तर बाई फाटकातच कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आता तुमी कोन? आनखी येक सायेब?"

"साहेब नाही, मी माती धुणारी आहे," मी म्हटलं.

"मंग धुवा आनि जा. आमचा घर थांबलाय तुमच्यापायी."

निनाद माझ्या मागे सरकला. मी मात्र ओट्यावर बसले. रागावलेल्या माणसासमोर उभं राहून बोललं की भांडण होतं, बसून बोललं की चहा मिळतो, हा माझा खेड्यापाड्यांतला अनुभव. चहा आला. चहाबरोबर सगळी हकीकतही आली.

मर्सीबाईंचा थोरला मुलगा कुवेतला. धाकटा रॉनी, एसी दुरुस्तीचं काम करतो, बायको आणि मुलीला घेऊन मीरा रोडला भाड्याने राहतो. आईचं घर दोन खोल्यांचं, त्यात सगळे मावत नाहीत. म्हणून मागच्या वाडीत, ढीग सपाट करून, नवीन घर बांधायचं ठरलं. नकाशा झाला, कंत्राटदार ठरला, आणि आता हे असं. रॉनीच्या बायकोला, शेरिलला, थांबायचं नव्हतं. नाताळच्या आत काम सुरू झालं नाही तर विरारच्या पलीकडे फ्लॅट बुक करायचा, असं तिने सांगून टाकलं होतं. तिचं तरी काय चुकलं?

"येकदा तिकडं गेली का ती परत येत न्हाय, बाय," मर्सीबाई म्हणाल्या. "थोरला म्हनायचा दोन वर्सांत येतो. आता फोनात दिसतो. नातवंडांना माजी भाषा कळत न्हाय. ह्यो बी गेला तर मी हितं कुनासाठी जेवान करू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. मी कप खाली ठेवून उठले. मी म्हटलं, "चला, ढीग दाखवा."

ढीग वाडीच्या टोकाला, माडांच्या मागे. एका बाजूने पूर्वी कधीतरी पोखरलेला, त्यामुळे आतले थर उघडे पडलेले. मी गुडघ्यावर बसले, ओंजळभर शिंपल्या काढल्या, पाण्याने धुतल्या आणि एक उलटी करून आतून पाहिली. मग दुसरी. मग तिसरी. आणि मी निनादला म्हटलं, "ये रे, राजा. बस इथे. हे काय आहे सांग."

शिंपलीच्या आतल्या गुळगुळीत बाजूला खडबडीत पांढरे दाणे चिकटलेले होते. खाडीतल्या खडकांना, होडीच्या बुडाला चिकटतात तेच.

निनादच्या तोंडचं पाणीच पळालं. तो हुशार आहे म्हटलं ना, त्याला लगेच कळलं. तुमच्यासाठी सांगते. शिंपलीतला प्राणी जिवंत असतो तेव्हा शिंपलीची आतली बाजू त्याच्या अंगाने भरलेली असते, तिथे दुसरं काही चिकटूच शकत नाही. आत दाणे चिकटले याचा अर्थ तो प्राणी मेला, शिंपली उघडी पडली आणि बरीच वर्षं पाण्यात लोळत राहिली. असली रिकामी शिंपली कुणी खायला आणेल का? वर त्या ढिगात नखाएवढ्या शिंपल्यांपासून तळहाताएवढ्यांपर्यंत सगळे आकार, सगळ्या जाती, कुठलीही निवड नाही. जेवणाच्या ढिगात असं नसतं, खाणारा माणूस मोठं आणि चवीचं तेवढंच उचलतो. हा ढीग खाणाऱ्यांचा नव्हताच. चुना भाजणाऱ्यांचा होता. चर्च, किल्ले, विहिरी, सगळ्यांना चुना लागायचा, आणि तो शिंपल्या भाजून करायचे. भट्टीवाले खाडीच्या तळातून जुन्यापुराण्या मेलेल्या शिंपल्या फावड्याने उपसायचे. शिंपल्यांचं वय हजारो वर्षं, भट्टीचं वय काही पिढ्या. निनादने शिंपलीचं वय विचारलं होतं, तिने खरं उत्तर दिलं होतं. भाजणारा कधीचा, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"चुनाच की!" मर्सीबाई मागून म्हणाल्या. "माजी सासू ह्या ढिगातल्या उरलेल्या शिंपल्या भाजायची. नवंबरात मेलेल्यांचा दिस येतो ना, त्याच्या आदी कबरींना चुना लावायला. तेवा रंगाचा डबा कोन आनायचा!"

म्हणून तो एका बाजूने पोखरलेला. आमच्या घरात श्राद्धाला जशी लगबग असते तशी यांची कबरी पांढऱ्या करायची. मला ते फार आवडलं.

"म्हंजे बाय, घर होनार ना?" मर्सीबाईंनी माझा दंडच धरला.

इथेच 'हो' म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते. पण मी म्हटलं, "वरचा ढीग चुन्याचा आहे, तसं मी लिहून देणार. पण त्याच्या खाली काय आहे ते अजून पाहिलेलं नाही. मला तळापर्यंत एक अरुंद खड्डा घेऊ द्या."

दंडावरचा हात सुटला. तेवढ्यात रॉनी कामावरून आला होता, तो म्हणाला, "मॅडम, प्लीज. आहे तेवढं लिहा ना. खाली कशाला जाताय? कुणाला काय फरक पडतोय?"

"मला पडतो," मी म्हटलं. "आणि तुलाही पडेल. मी न बघता लिहिलं आणि तुझ्या संडासाच्या टाकीचा खड्डा खणताना काही निघालं, तर तेव्हा काम थांबेल. अर्ध्यावर. भिंती उभ्या, छप्पर नाही, असं. आज मी बघितलं तर जे असेल ते आज कळेल आणि त्यावर उपाय करता येईल."

"आनि उपाय न्हाय झाला तर?" मर्सीबाई.

"होईल. मी करेन." हे मी कुठल्या जोरावर बोलले ते देवाला ठाऊक, पण बोलले, आणि बोलले ते मनापासून.

बाईंनी जवळच्या माडाच्या बुंध्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "खना. पन येकच खड्डा. आनि माजा माड हलता कामा नये."

दुसऱ्या दिवशी आम्ही खणलं. निनाद खणत होता, मी काठावर बसून माती बघत होते. वरचा चुन्याचा, राखेचा, पांढराफटक थर संपला. खाली लाल माती लागेल असं मला वाटत होतं. मनातून तीच लागावी असंही वाटत होतं. आणि लागला काळा, वीतभर जाडीचा, चिकट थर. त्यात शिंपल्या होत्या. मी हात घालून एक काढली. आतून स्वच्छ, चकचकीत. दुसरी स्वच्छ. तिसरीही. सगळ्या एकाच मापाच्या, दोन-तीन जातींच्याच, आणि सगळ्या खायच्या. सांगू का, आनंदाने ओरडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी रॉनीचं घर आठवलं. आयुष्यभर कोकणात असा एखादा थर शोधत हिंडले. वरसाव्याच्या पुलाजवळ खोदकामं चालली होती तेव्हा तिथल्या चिखलात शोधला, वॉचमनने वेडी समजून हाकललं. आणि मिळाला तो कुठे, तर मर्सीबाईंच्या सुनेच्या होऊ घातलेल्या स्वयंपाकघराखाली!

त्यांच्याच विहिरीवर माती धुतली. वर कोळसा तरंगला, तिवराच्या, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या, बारीक काटक्यांचा. खाली खेकड्यांच्या जळक्या नांग्या, आणि माशांच्या डोक्यातले पांढरे खडे. ढोमा, शिंगाळा हे मासे खाणाऱ्यांना तो खडा ठाऊक असतो, खाताना दाताखाली येतो. मडक्याचा एक तुकडा नाही. भाताचा एक दाणा नाही. लोखंड, तांबं काही नाही. कोकणातल्या आंबट मातीत हाडं विरघळून जातात, म्हणून आमच्याकडे एवढं जुनं काही हाती लागत नाही. इथे वरच्या भट्टीचा चुना वर्षानुवर्षं खाली झिरपला होता, त्याने हे खडे आणि नांग्या जपून ठेवल्या होत्या. चुनेवाल्यांना बिचाऱ्यांना याचा पत्ताही नसेल.

मर्सीबाई जवळच उभ्या होत्या. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं.

"काय गावला?"

"गावलं," मी म्हटलं. "खूप जुनं. इथे माणसं बसून जेवलीत, मर्सीबाई. शेतीच्याही आधीची."

"रॉनी सांगत होता, खाली जाव नको," त्या म्हणाल्या आणि वळून घरात गेल्या. दार आपटलं नाही, नुसतं लोटून घेतलं. रॉनी म्हणाला, "ठीक आहे मॅडम. मी शेरिलला सांगतो, बुकिंग करून टाकू." त्याच्या बोलण्यात रागही नव्हता, नुसता कंटाळा होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आणि माझा हा निनाद! "मॅडम, आता सगळी वाडी घ्यायची! ग्रिड टाकू, दोन सीझन काढू, पूर्ण ओपन करू!"

मी त्याला माडाखाली नेऊन झापलं. म्हटलं, "किती रे खादाड तू! सगळं आजच खणून टाकायचंय? आपल्या आधीच्या लोकांनी तेच केलं. अख्ख्या वस्त्या उघड्या केल्या, मडकी ठेवली आणि माती नदीत ढकलून दिली. त्या मातीत काय होतं ते आता कुणाला कधीच कळणार नाही. मला त्या ढकललेल्या मातीचं अजून वाईट वाटतं. आणि उद्या आपल्यापेक्षा शहाणे लोक येतील, त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगली यंत्रं असतील, त्यांना काय ठेवशील? आपल्याला कळायला हवं तेवढं चार बादल्यांत कळतं. बाकीचा थर जिथे आहे तिथे झोपू दे."

"पण घर बांधलं तर तो जाईल ना?"

"कोण म्हणतं?"

माझ्या विषयाचा सगळा दिमाख इथे आहे, म्हणून जरा ठासून सांगते. आम्हाला जागा लागत नाही, माती लागते. तीही थोडी. राजवाडा शोधणाऱ्याला गाव उठवावं लागतं. आम्हाला बादली पुरते. मी रॉनीच्या कंत्राटदाराला गाठलं. मिश्राजी म्हणून भाईंदरचेच, पानाने तोंड रंगलेले. विचारलं, "खंभे के गड्ढे के बिना घर खड़ा होता है क्या?" ते म्हणाले, "होता है ना. एकमंजिला है तो राफ्ट डाल देंगे. पूरा स्लैब जमीन के ऊपर ऊपर. गड्ढा काहे को?" म्हणजे खांबांसाठी खोल खड्डे न घेता, भर घालून वर एकच सलग स्लॅब. मी म्हटलं, "और टंकी?" ते म्हणाले, "टंकी आगे रोड साइड ले लो. पीछे रखने को किसने बोला था?" अहो, कुणीच बोललं नव्हतं! नकाशा करणाऱ्याने रिकामी दिसली म्हणून तिथे काढली होती. पुढच्या बाजूलाही रॉनीला विचारून आम्ही खात्रीसाठी माती तपासली. तिथे खाली नुसती लाल माती निघाली.

मग मी कचेरीत गेले. थर किती खोल, स्लॅब किती वर, मध्ये किती भर, सगळं साहेबांसमोर मांडलं. ते म्हणाले, "बाई, लोक येतात ते जागा द्या म्हणून किंवा देऊ नका म्हणून. तुमचं काय?" मी म्हटलं, "जागा त्यांना राहू द्या. मला माझ्या बादल्या भरू द्या. आणि घर झालं की तो थर तुमच्या कुंपणापेक्षा जास्त सुरक्षित राहील, कारण मर्सीबाई तिथे कुणाला कुदळ मारू देणार नाहीत." साहेब हसले. त्यांची माणसं पाहणी करून गेली आणि खालच्या थराला धक्का लागणार नाही या अटीवर परवानगी मिळाली.

हे सांगायला मी डोंगरीला गेले तेव्हा मर्सीबाई मासळी सुकत घालत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी हात पदराला पुसले आणि आधी रॉनीला फोन लावला. "फ्लॅटचा टोकन दिलास काय रे? न्हाय ना? देव नको. आदी घरी ये." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "बाय, जेवून जा." जेवायला ढोम्याचं कालवण होतं. डोक्यातला खडा त्यांनी माझ्या ताटात मुद्दाम ठेवला आणि खदखदून हसल्या.

नाताळच्या आधी भर पडायला लागली. शेरिलनेच पहिला नारळ फोडला. हो, कॅथलिक असून! मिश्राजींचा आग्रह होता, आणि तिला म्हणे कुठूनही आशीर्वाद आला तरी हवाच होता.

माझ्या बादल्यांचं काम पुढे बरेच महिने बाल्कनीत चाललं. माशाच्या डोक्यातल्या खड्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं असतात. खडा पातळ कापून शेवटचं वर्तुळ बघितलं की मासा वर्षाच्या कुठल्या दिवसांत धरला ते कळतं. जवळजवळ सगळे पावसाळ्यातले निघाले. समुद्र खवळला की ती माणसं उघडा किनारा सोडून खाडीच्या आडोशाला यायची, तिवरात खेकडे धरायची, चिखलात शिंपल्या वेचायची, विस्तव करून जेवायची. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, बऱ्याच वर्षांचे पावसाळे. एका बारीक काटकीच्या कोळशाचं वयही आलं. आकडा निनादच्या लेखात येऊ दे, या वेळी त्याने तो तीनदा तपासून घेतलाय. मी एवढंच सांगते की तेव्हा या किनाऱ्यावर ना देऊळ होतं, ना चर्च, ना मिठागर, ना भाताचं शेत. माणसं मात्र होती.

घर उभं राहिलं. आशीर्वादाच्या दिवशी मर्सीबाईंनी मला आवर्जून बोलावलं. निनादलाही बोलावलं, आणि त्याच्या हातात केकचं ताट दिलं वाटायला. फादर यायच्या आधी त्यांनी मला नव्या स्वयंपाकघरात नेलं. फरशी नुकती पुसलेली, शेरिलची भांडी मांडलेली. त्या फरशीकडे बघत त्यांनी विचारलं, "बाय, खरा सांग. ती कोन होती? आमची होती काय?"

मी त्यांना सांगितलं, "ते माती सांगत नाही, मर्सीबाई. काय खाल्लं सांगते, कधी खाल्लं सांगते. कोण होती ते नाही सांगत." हे वाक्य मी भाषणांत पुष्कळदा म्हटलंय, त्या दिवशी ते म्हणताना मला खरंच वाईट वाटलं.

"म्हंजे कुनाचीच न्हायत अजून," त्या म्हणाल्या. आणि बाहेर फादरांचा आवाज आला म्हणून गेल्या.

फादर प्रत्येक खोलीत प्रार्थना म्हणत, आशीर्वादाचं पाणी शिंपडत फिरले. शेवटी सगळे स्वयंपाकघरात जमले. फादर म्हणाले, "आता या घरातल्या मयत माणसांची आठवण करूया. नावं सांगा." मर्सीबाईंनी हात जोडले, डोळे मिटले. नवऱ्याचं नाव घेतलं. सासूचं, सासऱ्यांचं. एका तान्ह्या मुलीचं, जिच्याबद्दल त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. प्रत्येक नावाला सगळे 'आमेन' म्हणत होते. मग त्या म्हणाल्या, "आनि खालची."

फादरांनी विचारलं, "खालची कोण?"

"पावसात हितं जेवलेली."

"त्यांची नावं?"

"नावं म्हाईत न्हाय, फादर," मर्सीबाई म्हणाल्या. "पन आमच्याच घरातली धरा."

फादर खाली वाकले आणि त्यांनी फरशीवर पाणी शिंपडलं. सगळ्यांच्या बरोबर मीही 'आमेन' म्हटलं.